मांजर अंग चाटतं, म्हणून फरशीवरचं फिनाईल त्याच्या पोटात जातं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी पाळीव प्राण्यांवर लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की मांजर पाळायला सोपं कारण ते स्वतःची स्वच्छता स्वतःच करतं, आंघोळीची भानगड नाही. वाक्य खरंच आहे, आमच्या घरात बरीच वर्षं मांजरं आहेत आणि एकालाही कधी साबण लावावा लागला नाही. पण लेख तिथेच थांबला आणि पुढची जी गोष्ट प्रत्येक मांजरवाल्या घराला माहीत पाहिजे ती राहून गेली, ती ही की मांजर ज्या जिभेने स्वच्छता करतं त्या जिभेची रचनाच अशी आहे की अंगाला जे लागेल ते आतच जाणार. पुसून टाकलं, झटकलं, थुंकलं असं त्याला जमतच नाही. तेवढ्यासाठी हे पत्र, लांबलंय पण शक्य असेल तर सगळं छापा.

मांजराने हात चाटला की खरखरीत लागतं हे सगळ्यांना माहितीये. ते खरखरीत म्हणजे जिभेवरचे काटे. मांजर जांभई देतं तेव्हा उजेडात नीट बघा, जिभेचं अगदी पुढचं टोक त्यामानाने गुळगुळीत असतं आणि मधल्या भागात बारीक पांढरट काट्यांच्या रांगा दिसतात, सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली. आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचेच हे काटे, म्हणजे चांगले कडक. जिभेच्या कडेला आणि मागच्या बाजूला चव कळणारे उंचवटे वेगळे असतात, त्यांचा चाटण्याशी फारसा संबंध नाही. पुढच्या गुळगुळीत टोकाचं काम पाणी पिणं. त्यावर २०१० साली अमेरिकेत एमआयटीतल्या रोमन स्टॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाय स्पीड कॅमेरा लावून दाखवलं होतं की मांजर कुत्र्यासारखी जीभ पाण्यात बुडवत नाही, टोक नुसतं पृष्ठभागाला टेकवून झटकन वर ओढतं, त्याबरोबर पाण्याचा बारीक खांब वर येतो आणि तो खाली पडायच्या आत तोंड मिटतं, असं सेकंदाला साधारण चार वेळा. पाणी पिताना हे काटे मध्ये येतच नाहीत. ते आहेत दोन कामांसाठी, हाडावरचं मांस खरवडायला आणि अंगावरचे केस साफ करायला.

या काट्यांबद्दल माणसाला नीट कळलं ते अगदी अलीकडे, याचं मला फार नवल वाटतं. हजारो वर्षं मांजर आपल्या चुलीपाशी बसतंय आणि तो काटा टोकाशी कसा असतो हे कोणी नीट पाहिलंच नव्हतं, सगळे धरून चालले होते की साधा भरीव टोकदार सुळका असणार. अमेरिकेत अटलांटाला जॉर्जिया टेक म्हणून मोठं विद्यापीठ आहे, तिथे ॲलेक्सिस नोएल ही मुलगी डेव्हिड हू या प्राध्यापकांकडे पीएचडी करत होती, तिच्या घरच्या मांजराची जीभ ब्लँकेटमध्ये अडकली आणि सुटेना, त्यावरून तिने हा विषयच हातात घेतला. घरातल्या मांजरापासून बॉबकॅट, प्युमा, हिमबिबट्या, वाघ ते थेट सिंहापर्यंत सहा जातींच्या जिभा, अर्थात मेलेल्या जनावरांच्या, मिळवून त्यांचं सीटी स्कॅनिंग केलं. आणि दिसलं काय तर प्रत्येक काट्याचं टोक पोकळ, एका बाजूने उघडं आणि आतून खोलगट. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पीएनएएस या नियतकालिकात हे छापून आलं. वजनात तीसपटीचा फरक असलेली ही जनावरं, पण टोकाची पोकळी सहाही जातींत आहे, म्हणजे ताडोबातला वाघ आणि आपल्या गच्चीवरचा बोका या बाबतीत सारखेच.

ती पोकळी कशाला, तर लाळेसाठी. जीभ तोंडात असते तेव्हा लाळ आपोआप या बारीक पोकळीत चढते, काही जोर लावावा लागत नाही, जागा इतकी अरुंद असते की द्रव स्वतःच ओढला जातो. मग मांजर जीभ बाहेर काढतं, पसरवतं, त्याबरोबर आडवे पडलेले काटे उभे राहतात, केसांत शिरतात आणि टोकातली लाळ थेट आत, केसांच्या मुळाशी, कातडीपर्यंत पोचवतात. एका काट्यात मावते ती लाळ अगदी नगण्य, पण मांजर जागं असतं त्या वेळातला जवळपास चौथा हिस्सा चाटण्यातच घालवतं, त्यामुळे सगळं अंग आतपर्यंत ओलं होऊन साफ होतं. वरवरची केसांची ओल तर नुसत्या जिभेनेही झाली असती, मुळापर्यंत पोचणं हे या काट्यांशिवाय होत नाही. मला विचाराल तर या सगळ्या संशोधनातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

याचा दुसरा उपयोग उन्हाळ्यात. मांजराला घाम येतो तो फक्त पंजाच्या गाद्यांना, बाकी अंगाला आपल्यासारखा घाम नाही. मग एवढ्या दाट केसांत थंड राहायचं कसं, तर मुळाशी पोचवलेली लाळ वाळते आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. त्याच अभ्यासात हिशोब केलाय की मांजराला जेवढा थंडावा लागतो त्यातला चौथ्या हिश्श्यापर्यंत या लाळेतून मिळू शकतो. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मे मध्ये मांजर सारखं चाटत बसलेलं दिसलं तर त्याला हेही कारण असू शकतं, पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा म्हणजे लाळ बनायला पाणी पुरेल.

इथेच पर्शियन मांजराचं सांगून टाकतो, कारण आता पुण्या-मुंबईत काय, आमच्याकडे मिरज-सांगलीतही लोक हौसेने पर्शियन आणतात. काट्याची लांबी ठरलेली, आणि चाटताना केस दाबले गेल्यावर जो थर उरतो तो काट्याच्या लांबीपेक्षा कमी असेल तरच टोक कातडीला लागतं. साध्या देशी मांजरात लागतं, वाघ-सिंहातही लागतं, पर्शियनमध्ये लागत नाही कारण माणसाने निवडून निवडून तो केस इतका वाढवलाय की त्याची स्वतःची जीभ तिथे पोचत नाही. म्हणून त्याच्या जटा होतात. मांजर आळशी नाही, त्याला ते शक्यच नाही. तेव्हा ‘स्वतःची स्वच्छता स्वतः करतं’ हे वाक्य पर्शियनला लागू नाही, त्याला रोज विंचरायलाच पाहिजे आणि विकणाऱ्यांनी हे विकतानाच सांगायला पाहिजे, बरेच जण सांगत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. काटे सगळे घशाकडे वळलेले, म्हणजे जिभेवर एकदा काही अडकलं की ते मागेच सरकणार. केस असेच पोटात जातात आणि मग मांजर कधीमधी केसांचा गोळा ओकतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण केसाच्या जागी दोरा असला तर? आमच्या शेजारच्या काकू साड्यांना फॉल-पिको करून देतात, घरभर दोऱ्याचे तुकडे, आणि त्यांचं मांजर दोऱ्याशी खेळायचं, सगळीच खेळतात. एक दिवस त्याने खाणं सोडलं, लाळ गळायला लागली, पंजाने तोंड घासायला लागलं. डॉक्टरांनी तोंड उघडून खालून जबड्याच्या मधोमध अंगठा दाबला, जीभ वर उचलली गेली आणि जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा फास दिसला, एक टोक तिथे गुंतलेलं आणि बाकीचा दोरा पोटातून पुढे आतड्यात गेलेला. अशा वेळी आतडं दोरा पुढे ढकलायला बघतं, दोरा मागे जिभेला पक्का, मग परकराची नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं आणि शेवटी दोरा आतड्याला कापतो. त्याचं ऑपरेशन करावं लागलं, वाचलं. डॉक्टर म्हणाले की लवकर आणलं म्हणून. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नका, कितीही सोपं वाटलं तरी, आत कुठे अडकलाय ते आपल्याला दिसत नाही आणि ओढल्यावर आतडं फाटू शकतं. संक्रांतीला मांजामुळे पक्षी जखमी होतात हे तुम्ही दरवर्षी छापता आणि चांगलंच करता, पण गच्चीवर आणि बोळात पडून राहिलेला तोच मांजा आठवडाभर मांजरं गिळत असतात त्यावर एक ओळ येत नाही.

दोरा निदान दिसतो तरी. न दिसणारं जे अंगाला लागतं ते जास्त वाईट. आपल्याकडे फरशी पुसायची म्हणजे फिनाईल पाहिजेच, वास आला नाही तर स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, पंजांना आणि पोटाच्या केसांना ते लागतं, मग कोपऱ्यात बसून निवांतपणे चाटून साफ करतं. कुत्राही पाय चाटतो पण मांजराइतका पद्धतशीर नाही, आणि मांजराची दुसरी अडचण त्याच्या लिव्हरची आहे. फिनाईलमध्ये असू शकतात ती फिनॉल जातीची रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी लिव्हरमध्ये जी प्रक्रिया लागते त्यातलं एक महत्त्वाचं एन्झाईम मांजरात बनतच नाही, कारण ते बनवणारा जीन त्यांच्यात निकामी झालेला आहे, घरच्या मांजरात आणि वाघ-सिंहातही. म्हणूनच आपली साधी तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते, अर्धी दिली तरी. ताप आला म्हणून प्रेमाने लहान मुलांचं सिरप पाजणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून देऊ नका.

काही फ्लोअर क्लीनरमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराईड नावाचं जंतुनाशक असतं, ते डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते चाटलं की थेट जिभेवरच फोड येतात, आणि लगेच नाही, काही तासांनी, त्यामुळे सकाळी पुसलेल्या फरशीचा आणि रात्री लाळ गाळत बसलेल्या मांजराचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही, घरच्यांना वाटतं दात दुखत असेल. पुसून झाल्यावर फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि मग साध्या पाण्याचा एक हात मारला, तरी पुष्कळ फरक पडतो. सोसायटीच्या जिन्यात हे आपल्या हातात नसतं, तिथे सफाईवाल्या मावशींना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना जे आणून दिलंय ते त्या वापरतात. फिनाईलमध्ये पाणी किती घालायचं हे कमिटीने बघायला पाहिजे.

मांजर शहाणं असतं, वाईट असेल ते तोंडाला लावणार नाही, असं बरेच जण म्हणतात. खाण्याच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे, वास आवडला नाही तर मांजर ढुंकून बघत नाही. पण अंग चाटताना ते खात नसतं, साफ करत असतं, जेवढं जास्त काही लागलेलं असेल तेवढं जास्त चाटतं. आणि चवीचं म्हणाल तर माणसाच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या साधारण नऊ हजार धरतात, मांजराच्या पाचशेही भरत नाहीत. गोड तर त्याला कळतच नाही, २००५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटर या चव-वासावर संशोधन करणाऱ्या संस्थेने दाखवलं की गोड ओळखण्याचा जीनच मार्जार कुळात मोडलेला आहे. आपलं मांजर श्रीखंड आवडीने खातं ते त्यातल्या स्निग्धतेसाठी, साखरेचा त्याला पत्ता नसतो. तेव्हा जीभ त्याला वाचवेल हा भरवसा ठेवू नका.

सगळ्यात जास्त जीव जातात असं मला वाटतं ते कुत्र्यांच्या गोचिडाच्या औषधाने. पाठीवर थेंब टाकायचं औषध किंवा पावडर, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, कुत्र्याला चालतं म्हणून उरलेलं मांजराला लावतात. मांजराला ते कातडीतून बाधतंच आणि वर ते चाटूनही घेतं, मग अंग थरथरायला लागतं आणि झटके येतात. ज्या घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत तिथे तर कुत्र्याला लावल्यावरही औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवावं लागतं, कारण मांजर कुत्र्याच्या अंगाला अंग घासतं, कधी त्यालाच चाटतं. मेडिकलवाल्याने ‘दोघांनाही चालतं’ असं सांगितलं तरी पाकिटावर परमेथ्रिन आहे का ते स्वतः वाचा.

बुकेतल्या मोठ्या लिलींचंही तेच. लग्नसराईत घरी बुके येतात, लिलीचे नारिंगी परागकण जाता-येता मांजराच्या अंगावर पडतात, ते चाटतं आणि एक-दोन दिवसांत किडनी निकामी व्हायला लागते. पान खायलाही लागत नाही, नुसते पराग पुरतात, फुलदाणीतलं पाणीही विषारी असतं. मांजर असेल त्या घरात लिली आणूच नये, इतकं सरळ आहे हे. रंगपंचमीचे रंग, दिवाळीत फटाक्यांची अंगावर बसलेली दारू, गॅरेजमध्ये गाडीखाली बसल्यावर लागलेलं काळं ऑइल, हे सगळं त्याच वाटेने पोटात जातं.

अंगाला काही लागलेलं दिसलं तर पहिलं काम चाटणं थांबवायचं. टॉवेलमध्ये गुंडाळून धरा, कोमट पाण्याने आणि थोड्या सौम्य साबणाने धुवा, पुसून कोरडं करा आणि डॉक्टरांना फोन लावा, जे लागलंय त्याची बाटली किंवा पाकीट जाताना बरोबर न्या, त्यावरून उपचार ठरतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, दूध पाजून विष उतरत नाही. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा, रोज चाटणाऱ्या मांजराने चाटणं सोडलं, केस विस्कटलेले आणि तेलकट दिसायला लागले, तर ते आजारी आहे. कॅलिसीव्हायरस म्हणून मांजरांचा एक रोग आहे त्यात जिभेवरच व्रण पडतात, मग ना खाता येत ना चाटता येत. त्याची लस आपल्याकडे मिळते, तीन रोगांची एकत्र येते, पण रेबीजची दिली म्हणजे झालं असं समजून पुष्कळजण ती देतच नाहीत.

एक गैरसमज जाता जाता. आमच्याकडे अजून म्हणतात की मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, आणि तेवढ्यावरून घरातलं म्हातारं मांजर सोडून येतात. ॲलर्जी होते हे खरं आहे, ज्यांना होते त्यांचे हाल मी पाहिलेत. पण ती केसाची नाही, मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात एक प्रोटीन असतं त्याची. मांजर सगळ्या अंगाला लाळ लावतं, ती वाळते, बारीक कण होऊन हवेत तरंगते आणि श्वासातून आत जाते. म्हणून नुसते पडलेले केस झाडून उपयोग होत नाही, आणि केस कमी असलेलं मांजर आणलं तरी त्रास होऊ शकतो. ज्यांना दमा आहे त्यांनी मांजर आणायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं, आणल्यावर सोडून देण्यापेक्षा.

संपादक साहेब, तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. एक, संक्रांत, रंगपंचमी आणि दिवाळीच्या आधी प्राण्यांसाठी ज्या सूचना छापता त्यात मांजरासाठी वेगळ्या चार ओळी टाका, कुत्र्याच्या सूचनांत मांजर बसत नाही. दोन, गोचिडाची औषधं आणि फरशीची रसायनं यांच्या पाकिटावर ‘मांजराला अपायकारक’ हे मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात असावं यासाठी तुमच्या पेपरने विषय लावून धरावा, हे एकट्या वाचकाच्या पत्राने होणार नाही. तीन, रात्री नऊनंतर जिल्ह्यात कुठले प्राण्यांचे दवाखाने उघडे असतात त्याची यादी आठवड्यातून एकदा छापा. मांजराला फिनाईल चढलेलं लक्षात येतं ते बहुतेक वेळा रात्री, आणि तेव्हा फोन लावायचा कुठे हे आमच्या भागात कोणालाच सांगता येत नाही.

कळावे,
आपला,
एक वाचक, मिरज